पुढे बघून येणारा माणूस

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात आजवर कोणी साधं पत्रसुद्धा लिहिलेलं नाही. आबांचा अंगठा उठतो. माय सही करते, पण तिची सही म्हणजे पाठ केलेली रांगोळी आहे. त्यातलं एक अक्षर वेगळं काढून दाखवलं तर तिला ओळखता येत नाही. अशा घरातल्या माणसाने स्वतःविषयी चार पानं लिहावीत आणि लोकांनी ती वाचावीत, हे मला अजून पटलेलं नाही. शिवाय ज्या गोष्टीविषयी लिहायला बसलो आहे तिच्यात मी बरोबर वागलो की चुकलो, हेही मला ठरवता आलेलं नाही. ज्यांना काही कळलेलं असतं ते लिहितात, असं मी समजत होतो. माझ्याकडे गोंधळच आहे. वाचणाऱ्याचा वेळ वाया गेला तर राग धरू नये.

मी हिंगोलीच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय रसायनशास्त्र. या वर्षी औषधं बनवणाऱ्या एका कंपनीची माणसं कॉलेजात मुलाखती घ्यायला आली होती. प्रयोगशाळेत औषधांचे नमुने तपासायचं काम, हातात महिन्याला सोळा हजार. आमच्या वर्गातले दोघं निवडले गेले. एक माझा मित्र, शिरड शहापूरचा, आणि दुसरा मी. माझं नाव वाचलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं, दुसऱ्या कोणाचं असेल म्हणून.

आठ दिवसांनी मोबाईलवर एक फॉर्म आला. कंपनीचे कारखाने तीन राज्यांत आहेत. महाराष्ट्रात पुण्याजवळ, तेलंगणात हैदराबादच्या बाहेर आणि गुजरातेत मुंबईच्याही पुढे समुद्राच्या बाजूला. पगार तिन्हीकडे सारखाच. आपण कुठे जाणार ते एकदाच निवडायचं, शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की मुदतीत कोणी निवड केली नाही, तर कंपनी आपल्या गरजेप्रमाणे कुठेही पाठवील.

मित्राने फॉर्म आला त्या तासातच पुणे भरून टाकलं. मी विचारलं, "एवढ्यात कसं ठरलं?"

"ठरवायचं काय त्यात? मावशी हाय पुण्यात. राहणं फुकट, जेवण फुकट. महाग असन तर मावशीला असन."

मला पुण्यात मावशी नाही. मला पुण्यात कोणीच नाही.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. आमची मेंढरं आहेत. थोडी कोरडवाहू जमीन आहे, पण घर चालतं ते मेंढरांवर. आबा आणि काका कळप घेऊन फिरतात. सुट्टीत मी त्यांच्यासोबत असतो. दोन वर्षांपासून आबांचा उजवा गुडघा सुजतो. चढ आला की ते काठीवर सगळा भार टाकतात आणि आपण बघतोय असं दिसलं की थांबून उगाच एखाद्या मेंढीला शिवी देतात. त्यांच्या जागी एक गडी ठेवायचा, आणि त्याचा पगार मी दर महिन्याला पाठवायचा, एवढं मी मनाशी धरलं होतं. म्हणजे सोळा हजारांतून पाच हजार घरी यायला पाहिजेत. ज्या राज्यात राहून पाच हजार उरतील ते माझं राज्य. इतकं सोपं होतं, किंवा मला तसं वाटलं होतं.

मग मी लोकांना विचारायला लागलो, आणि तिथून गोंधळ सुरू झाला.

आमच्या कॉलेजातून गेलेला एक दादा पुण्यात आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "सोळा हजार? पुण्यात सोळा हजार दिसतात बघ, हाताला लागत न्हाईत." खोली, खाणावळ, बस, सगळं धरून त्याने जो आकडा सांगितला त्यात माझ्या गड्याचे दोन हजारही निघत नव्हते. मी हळूच विचारलं, "मग तुमी तिथं काहून राहून राहिलात?" तो म्हणाला, "सुट्टी लागली की रातोरात घरी येता येतं. अन् आजारी पडलो तर डॉक्टरला काय होतंय ते आपल्या भाषेत सांगता येतं." ही गोष्ट माझ्या हिशोबाच्या कागदावर कुठल्या रकान्यात लिहावी ते मला समजेना.

गुजरात कागदावर सगळ्यात स्वस्त होतं. तिथे कंपनीचंच वसतिगृह, कंपनीचीच खाणावळ. पाच काय, सात हजार उरले असते. पण जायला दोन गाड्या बदलाव्या लागतात. आबांना काही झालं असा फोन आला तर मी निघून पोचेपर्यंत दुसरा दिवस मावळलेला असेल. आणि तिकडे आमच्या गावचं, आमच्या नात्यातलं, ओळखीच्या ओळखीतलं एकही माणूस नाही. मी गुजरातवर रेघ मारली. मग मनात आलं, सगळ्यात स्वस्त जागेवर आपण पहिल्यांदा रेघ मारली, तर मग एवढा हिशोब कशासाठी करतो आहोत? रेघ खोडली. मग परत मारली.

हैदराबादचं तर कोणाचंच कोणाशी जुळत नव्हतं. एक म्हणे फार स्वस्त, एक म्हणे आता पुण्यासारखंच झालंय. एक म्हणे भाषेची तकलीफ होईल, दुसरा म्हणे काहून होईल, आपल्या बाजारात बोलतात तशीच तर हिंदी आहे तिथली. शहर महाग की स्वस्त हे मी ज्याला विचारत होतो त्याच्यावर ठरत होतं. भातावर भागणाऱ्याला ते स्वस्त होतं, भाकर लागणाऱ्याला महाग.

मंगळवारी मी गावी आलो. केळीसाठी ओळखलं जाणारं डोंगरकडा नावाचं गाव आहे, तिथून आमचं गाव चार-पाच किलोमीटर आत आहे. कळप जवळच, हरभरा निघालेल्या एका वावरात होता. आबा आणि काका बाभळीखाली बसले होते. आजूबाजूला हळद शिजवणं चालू होतं, सगळ्या शिवारात तो ओला वास भरला होता. मी कागद काढला आणि तिन्ही राज्यं वाचून दाखवली.

आबा नीट ऐकत होते. खोलीच्या भाड्यापाशी त्यांनी हात वर केला.

"हे कशाचे पैसे?"

"राहायचे. खोलीचं भाडं."

"म्हंजे पाठ टेकायचे?"

"व्हय."

"आमी कोणाच्या वावरात मेंढरं घेऊन एक रात बसलो, तर वावरवाला आमालाच जवारी देतो," आबा म्हणाले. "अन् तुला बसायचे तूच देणार?"

काका हसायला लागले. "दादा, मेंढरायचं खत हुतंय. ह्या साहेबाचं काय हुतंय?"

मीही हसलो. आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा का सुलटा ते न पाहता त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "पाण्याला पैसे पडतेत का तिथं?"

"कुठं?"

"तिन्हीकडं."

हा रकानाच मी धरला नव्हता. मी म्हणालो, "मला माहीत न्हाई."

"हवा?"

"न्हाई माहीत."

"मंग तुला म्हाईत काय हाय?" असं ते रागाने म्हणाले नाहीत. खरंच विचारत होते. कागदाची घडी करून त्यांनी माझ्या खिशात ठेवली. "कव्हापर्यंत सांगायचं हाय?"

"शनिवारी पाचपर्यंत."

"थांब मंग. बघून येतो."

इथे आमच्यातली एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं मी का तसं वागलो ते कळणार नाही. कळप कधीही न पाहिलेल्या मुलखात एकदम नेत नाहीत. आधी घरातला एक जाणता माणूस एकटा पुढे जातो. तिथे एक-दोन मुक्काम करतो. तिथलं पाणी पितो, तिथली भाकर खातो, शेतकऱ्यांशी बोलतो, आणि परत येऊन समोर बसून सांगतो. तो येईपर्यंत कळप हलत नाही, कितीही चारा संपला तरी. फोन आल्यावर ही रीत थोडी सैल झाली होती. मी दहावीत असताना काका असेच पूर्णा नदीच्या अंगाला बघायला गेले होते. चारा भरपूर दिसला म्हणून त्यांनी तिथूनच फोन केला, या म्हणून. आम्ही कळप हलवला. आम्ही पोचेपर्यंत त्या वावरात तणनाशक मारलेलं होतं आणि ते काकांना माहीत नव्हतं. कोकरं किती गेली ते मी इथे लिहीत नाही. काकांनी त्या वर्षी दिवाळीला नवे कपडे घातले नाहीत. तेव्हापासून आबांनी ठरवलं, अर्धी बातमी नको. पुढे गेलेल्या माणसाने फोन घरी ठेवायचा आणि पूर्ण बातमी घेऊन यायची.

बुधवारी सकाळी मी उठलो तेव्हा आबा गेलेले होते. त्यांचा फोन कोनाड्यात होता. मायला विचारलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "केळीच्या ट्रकात बसून गेले. डोंगरकड्याहून."

"कुठं?"

"म्या न्हाई विचारलं. जाणाराला पाठीमागून विचारत न्हाईत."

डोंगरकड्याची केळी कुठे जात नाहीत? हैदराबादला जातात, दिल्लीकडे जातात, पुण्यालाही एखादी गाडी जात असेल. आबा कुठल्या ट्रकात बसले ते मला कळायला मार्ग नव्हता. सुजलेल्या गुडघ्याने तो माणूस केळीच्या घडांमध्ये बसून कुठल्या तरी राज्यात गेला होता, आणि मी घरी बसून त्याच्यासाठी महिना पाच हजार कसे वाचवायचे याचा हिशोब करत होतो.

गुरुवार गेला. शुक्रवारी मित्राचा फोन आला. "भरला का?"

"आबा बघायला गेलेत."

"काय बघायला?"

"राज्य."

तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाला, "अरे लेका, कंपनी म्हंजे काय चराऊ रान हाय का? पुणे भर अन् मोकळा हो. मावशीला विचारतो, पडवीत जागा हाय." तो मनापासून बोलत होता. मला त्याचा आधारही वाटला. पण दुसऱ्याच्या मावशीच्या पडवीत किती दिवस स्वस्त राहता येतं, हेही कोणी सांगू शकत नव्हतं.

शनिवारी मी काकांसोबत कळपावर होतो. त्या वावरात फोनला रेंज फक्त विहिरीच्या कठड्याजवळ मिळते. मी दुपारपासून तिथेच घुटमळत होतो. काका लांबून बघत होते.

"भर की साहेब. बोटच तर लावायचंय."

"आबा येऊ द्या."

"न्हाई आला दादा पाचच्या आत तर?"

"येतेत."

"तसं न्हाई. न्हाईच आला तर?"

साडेचार वाजता मी फॉर्मचं पान उघडलं. तीन राज्यांच्या नावांपुढे तीन गोल होते. महाराष्ट्रावर बोट ठेवलं, तो गोल निळा झाला. मला गड्याचे पाच हजार आठवले. तेलंगणावर बोट ठेवलं, महाराष्ट्र पांढरा झाला आणि तेलंगणा निळा. हैदराबादचं मला खरं म्हणजे काहीच माहीत नव्हतं. परत महाराष्ट्र. बोट लावण्याने एक राज्य जात होतं आणि दुसरं येत होतं, आणि दोन्ही मी पाहिलेली नव्हती. पुण्याला मी कधी गेलेलो नाही. आपलं राज्य म्हणून मी ज्याला जवळचं समजत होतो तेही मी जिल्ह्यातलंच नरसी ते हिंगोली आणि हिंगोली ते नांदेड एवढंच पाहिलं आहे.

तेवढ्यात दोन मेंढ्या शेजारच्या हळदीच्या वावरात शिरल्या. तिथे वाळत घातलेली हळद होती. काका दुसऱ्या टोकाला होते. मी फोन खिशात टाकून धावलो. मेंढ्या वळवल्या, बांधापर्यंत आणल्या. तिथे थोडा वेळ उभा राहिलो. त्या मेंढ्या काकांनीही वळवल्या असत्या. ते निघालेच होते. हे मला तेव्हाही माहीत होतं. परत कठड्यापाशी आलो तेव्हा पाचला आठ मिनिटं कमी होती. मी पान उघडून समोर धरलं आणि पाच वाजेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिलो. मग गोल दिसेनासे झाले आणि मुदत संपल्याची एक ओळ आली.

काका जवळ आले. "झालं?"

"झालं."

"काय भरलं?"

"काही न्हाई भरलं."

काकांनी टोपी काढली, परत घातली. पूर्णेच्या अंगाची ती गोष्ट त्यांच्या मनात आली असावी, कारण ते चिडवतील असं मला वाटलं होतं आणि त्यांनी चिडवलं नाही. "बराबर केलंस," ते म्हणाले. मग दोन पावलं चालून गेल्यावर वळून म्हणाले, "का कोण जाणे."

घरी मायला सांगितलं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं. "बाप आला न्हाई म्हणून थांबलास, का भेव वाटलं म्हणून थांबलास?"

"रीत हाय ना आपली."

"रीत मेंढरायची हाय," माय म्हणाली. "तुला आडोसा पाहिजे हुता. घेतलास बापाचा."

कधी वाटतं मी आबांचा मान राखला. कधी वाटतं मी निवडायला घाबरलो आणि ती भीती त्यांच्या घोंगड्याखाली झाकली. दोन्ही खरं असू शकतं का, हे मला कोणाला तरी विचारायचं आहे.

रविवारी दुपारी आबा आले. फाट्यावर बसमधून उतरून चालत आले होते. गुडघ्याला फडकं बांधलेलं होतं. पुढे जाऊन आलेल्या माणसाला लगेच काही विचारत नाहीत. मायने पाणी दिलं, भाकर वाढली. काका मुद्दाम कळप आपल्या पोरांवर सोपवून आले होते. सगळे ओळीने बसलो. आबांचं जेवण होईपर्यंत कोणी बोललं नाही.

हात धुऊन ते भिंतीला टेकले आणि कळपाची बातमी सांगतात त्याच क्रमाने सांगायला लागले. आधी पाणी.

"हैदराबादला गेलतो. पाणी विकत हाय. प्यायचं डब्यात येतं, वीस रुपयाला एक डबा. पण गोड हाय. पिऊन बघितलं, दोन दिवस पोटात काही झालं न्हाई."

मग चारा. "भातच खातेत समदे. पण म्या हुडकलं. एक बाई रस्त्याच्या कडंला बसून जवारीच्या भाकरी करती. वीस रुपयाला एक." ते मायकडे वळले. "तू तिथं बसलीस तर बंगला बांधशील."

"मला न्हाई बांधायचा," माय म्हणाली, पण तिला बरं वाटलं.

"बसायची जागा. केळी उतरवणारा एक हमाल हाय, नरसीकडला. तिघं मिळून एका खोलीत राहतेत. एकाला दोन हजार पडतेत. चौथ्याची जागा हाय म्हणला. म्या झोपून बघितलो. ढेकणं न्हाईत."

"कुत्री?" काकांनी विचारलं.

"कुत्री लई हायत. पण माणसं भली. कारखान्याच्या फाटकापाशी गेलो, तर वाचमननं बसायला खुर्ची दिली. 'बेटे का नौकरी है क्या' म्हणला. म्या म्हणलं, हौ. चहा पाजला. हिंदी आपल्या बाजारातल्यावानीच हाय."

"हवा?" मी विचारलं.

"हवा खराब हाय. कारखान्यापाशी वास येतो, डोळे चुरचुरतेत. मेंढरू तिथं उभं राहणार न्हाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माणूस राहतो. बघितले म्या. हजारांनी राहतेत."

मग त्यांनी शेवटी सांगायची गोष्ट सांगितली. "केळीची गाडी रोज जाती, रोज येती. ड्रायव्हर वळखीचा झाला. तुला कव्हाबी घरी यायचं झालं तर फुकटात आणून सोडीन म्हणला." त्यांनी गुडघ्यावरचं फडकं सोडलं. "हैदराबाद भर."

काका भिंतीकडे बघत होते.

"आबा," मी म्हणालो, "तारीख कालच गेली. शनिवारी पाचला. मी काहीच भरलं न्हाई. तुमची वाट बघत होतो."

"काल गेली तर आज भर. एक दिवसानं काय हुतंय?"

"न्हाई भरता येत. बंद झालं ते."

आबांनी आयुष्यात जेवढे फॉर्म भरले ते तलाठ्याच्या, ग्रामसेवकाच्या समोर बसून. एक दिवस उशीर झाला तर चार शब्द बोलून, चहा पाजून भरता येणारे. त्यांना वाटलं होतं की शनिवारी म्हणजे शनिवारच्या सुमाराला. त्यांच्याकडे परतीचा ट्रक शुक्रवारीही होता, हे मला नंतर कळलं. एक मुक्काम करून पूर्ण बातमी होत नाही म्हणून ते दुसऱ्या मुक्कामाला थांबले होते. शनिवारचा ट्रक चुकला.

बराच वेळ ते फडक्याची घडी करत राहिले. "कळप थांबला तर कव्हा चुकत न्हाई," ते म्हणाले. "माणूस थांबला तर काय हुतंय, ते मला म्हाईत न्हाई."

आबांच्या तोंडून 'म्हाईत न्हाई' हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानंतर अकरा दिवस काही आलं नाही. या अकरा दिवसांत मी तो कागद पुन्हा पुन्हा काढला. आता हैदराबादचे सगळे रकाने भरलेले होते. पाणी वीस, भाकर वीस, खोली दोन हजार, घरी येणं फुकट. भाजी, बस आणि बाकी किरकोळ खर्च धरून बेरीज केली तर माझ्या गड्याचे पाच हजार बरोबर उरत होते. इतकं चोख गणित मी परीक्षेतही सोडवलं नव्हतं. कंपनीला पत्र लिहून हैदराबाद मागावं असं ठरवलं, पत्र लिहिलं, मित्राला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "कारण काय लिहिलंस उशिराचं?" मी वाचलं: वडील पाहणीस गेले होते. या वेळी तो हसला नाही. म्हणाला, "पाठव." पाठवलं. उत्तर आलं नाही. मित्राला मात्र पुण्याचं पत्र आलं, आणि त्याच्या मावशीने त्याला विचारलं की खाण्याचे किती देणार.

बाराव्या दिवशी मी विहिरीच्या कठड्यापाशी होतो. कळप आता पलीकडच्या, गहू निघालेल्या वावरात बसवलेला होता. आबा एका लंगड्या मेंढीचा खूर हातात घेऊन त्यातला काटा काढत होते. काका तिचं डोकं धरून बसले होते. फोन वाजला. कंपनीचं पत्र होतं. माझ्या विनंतीबद्दल त्यात एक शब्द नव्हता. माझं नाव, पद, पुढच्या महिन्यात हजर व्हायची तारीख, वसतिगृहात खाट मिळेल अशी एक ओळ, आणि त्याच्यावर राज्याचं नाव.

मी वाचून दाखवलं. गुजरात.

काकांनी विचारलं, "कुठंशी आलं ते?"

मी सूर्य कलला होता तिकडे हात केला. "मावळतीला. लई लांब. मुंबईच्या बी पुढं."

आबांनी काटा काढला, खुरात हळद भरली आणि मेंढीला सोडून दिलं. मग काठीवर भार देऊन उभे राहिले आणि मी हात केला होता त्या बाजूला बघत राहिले.

"तिकडं," ते म्हणाले, "आपल्यातलं अजून कोणी गेलं न्हाई."